रक्तातील 'ई' जीवनसत्त्व : आकडा आणि त्याचा अर्थ

'ई' जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांनी लावला. गर्भ टिकण्यासाठी उंदराच्या मादीला आहारातील एक अज्ञात घटक लागतो, असे त्यांना आढळले होते. आज या जीवनसत्त्वाची चर्चा होते ती बहुधा हृदयविकाराच्या संदर्भात. आणि गैरसमजही तेथेच फार आहेत.

श्रोतेहो, हे जीवनसत्त्व तेलात विरघळते, पाण्यात नाही. आणि रक्तद्रवात तर बहुतांश पाणीच असते. 'अ' जीवनसत्त्वाला रक्तातून नेणारे स्वतंत्र प्रथिन आहे, तसे 'ई'ला नाही. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या मेदप्रथिनांच्या कणांतूनच त्याला प्रवास करावा लागतो. आतड्यातून ते यकृतात येते, आणि तेथील एक प्रथिन त्याचा 'अल्फा' हा प्रकार निवडून पुन्हा या कणांकडे सोपविते. सारा प्रवास उसन्या वाहनाचा. ज्यांच्या शरीरात जन्मतः हे कण नीट तयार होत नाहीत, त्यांच्या रक्तात 'ई' जवळजवळ आढळत नाही व मज्जातंतूंना इजा पोहोचते.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांत नेमके उलट घडते. वाहने वाढली की त्यांतील प्रवासीही वाढतात. घरी किती पोहोचले, हे त्यावरून कळत नाही. समजा, एकाच्या लिटरभर रक्तद्रवात २ ग्रॅम कोलेस्टेरॉल व १२ मिलिग्रॅम 'ई' आहे, तर दुसऱ्याच्या ३ ग्रॅम व १५ मिलिग्रॅम. वरवर पाहता दुसरा सधन. परंतु दर ग्रॅम कोलेस्टेरॉलमागे पहिल्याजवळ ६ मिलिग्रॅम आणि दुसऱ्याजवळ ५ च. म्हणूनच हॉर्विट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये 'ई'चे प्रमाण रक्तातील एकूण मेदाशी ताडून पाहण्याची पद्धत सुचविली.

मग गोळ्या घेऊन ही उणीव भरावी काय? 'होप' नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक व्यक्तींना सुमारे साडेचार वर्षे रोज ४०० एककांची मात्रा अथवा बिनऔषधी गोळी देण्यात आली. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हृदयविकारास आळा बसला नाही. आहारातील 'ई'ची गोष्ट वेगळी. करडईच्या व सूर्यफुलाच्या तेलात ते विपुल असते.

कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे सुरू झाल्यावर रक्तातील 'ई'चा आकडाही खाली येतो. वाहने कमी झाल्याचाच तो बहुधा परिणाम होय. तेवढ्यावरून औषध बंद करणे धोक्याचे ठरेल.