पडक्या गिरणीतल्या कड्या



मी पडीक इमारतींचे फोटो काढते. 22 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईत, महालक्ष्मीजवळच्या बंद शक्ती मिलमध्ये फोटो काढायला गेलेल्या एका तरुण छायापत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तेव्हापासून घरचे मला एकच विचारतात, "बाईने तिथे जायचंच कशाला?"

उत्तर मला गिरणगावातल्या एका मावशींनी दिलं. दुसऱ्या एका बंद गिरणीतला माझा फोटो त्या बघत होत्या. ओलीने काळी पडलेली भिंत, वर तुळईला लोखंडी कड्या. मला वाटलं, यंत्राच्या असतील. मावशी म्हणाल्या, "अगं, हे पाळणाघर! माझी थोरली इथेच निजायची. मी वाइंडिंगला होते."

वाइंडिंग, रीलिंग ही खाती बायकांची. मुंबई प्रांतात 1929 साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, तो कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. संपाचे, मोर्चांचे फोटो आहेत. पाळण्याच्या कड्या कुणी टिपल्या?

म्हणून मी जाते. परवानगी काढून, दिवसाउजेडी, सोबतीने. एवढी सावधगिरी माझी. पण ओसाड जागेला कुंपण, दिवा, पहारा देणं हे मालकाचं आणि सरकारचं काम. ते राहिलं बाजूला, आणि मुलीनेच घरी बसायचं, हा कुठला न्याय?

भोंगा झाला की ज्या दारातून बायका कामाला आत शिरत, ते दार आज आपल्यालाच बंद का?