सावकाश सुरू होणारा संगणक : दोष कोठे शोधावा?



शाळेतील तासिका सुमारे ३५ मिनिटांची असते. कळ दाबल्यापासून संगणक कामास लागेपर्यंत त्यांपैकी १० मिनिटे खर्ची पडली, तर एका यंत्राभोवती बसलेल्या आठ मुलांपैकी निम्म्यांच्या हाती त्या दिवशी कळफलक येतच नाही. ज्या मुलाच्या घरी असे यंत्र आहे त्याचे फारसे बिघडत नाही. ज्यास शाळेतील संगणक हाच पहिला आणि एकुलता, नुकसान होते ते त्याचे. आणि यवतमाळ जिल्ह्यातील तांड्यांवर व कोलामांच्या पोडांवर अशी मुले पुष्कळ आहेत.

असे यंत्र काही महिने सहन केले जाते आणि मग 'जुने झाले, निर्लेखनास काढावे' असा ठराव होतो. हा ठराव पुष्कळ वेळा घाईचा असतो. संगणकाचे वय आणि त्याचा मंदपणा यांचा संबंध समजला जातो तितका जवळचा नाही. आठदहा वर्षांच्या यंत्रातील एकच भाग बदलला असता ते पुन्हा चपळ झाल्याचा अनुभव दुरुस्ती करणाऱ्या कोणाही कारागिरास आहे. मात्र तो भाग कोणता हे ठरविण्यापूर्वी वेळ नेमका कोठे जातो ते पाहिले पाहिजे.

त्याकरिता प्रथम हाती घ्यावयाचे ते घड्याळ आणि वही. कळ दाबल्याची वेळ टिपावी. विंडोजचे चिन्ह पडद्यावर उमटले ती टिपावी. प्रवेशाचा पडदा आला ती, आणि शेवटी एखादी फाइल विनासायास उघडता आली तीही टिपावी. एवढे आकडे हाती आले की निम्मे निदान झाले. यात दोन पथ्ये पाळावीत. विंडोज ८ (२०१२) व त्यापुढील आवृत्त्यांत 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीचा गाभा डिस्कवर तयार राखून ठेवण्याची सोय असते. म्हणून मोजमाप 'रीस्टार्ट' करून घ्यावे, म्हणजे खरी चाल कळते. दुसरे असे की, विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात तेव्हा यंत्र दीडदोन महिने बंद राहिलेले असते. इंटरनेट जोडताच तुंबलेल्या साऱ्या सुधारणा ते एकदम उतरवून घेऊ लागते. त्या दोनतीन दिवसांतील मंदपणावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. यंत्र चालू ठेवून त्यास ते काम संपवू द्यावे.

वेळ जर विंडोजचे चिन्ह दिसण्यापूर्वीच जात असेल, तर विंडोजला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या वेळी मदरबोर्ड जोडलेल्या भागांची हजेरी घेत असतो. विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह, सीडी किंवा सैल झालेली डिस्कची तार त्यास खोळंबून ठेवते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी असते, सी.आर. २०३२ या नावाने ती घड्याळजीच्या दुकानातही मिळते. ती संपली की यंत्र तारीख विसरते, सुरू होताना थबकते आणि एखादी कळ दाबण्याची वाट पाहते. गंमत अशी की, तारीख चुकीची असल्यामुळे यू-डायस प्लसचे संकेतस्थळही उघडत नाही आणि दोष मात्र इंटरनेटवर येतो.

प्रवेशानंतर रेंगाळणे हा निराळा प्रकार आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'स्टार्टअप' या पानावर यंत्राबरोबर आपोआप जागे होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. प्रिंटरचा मदतनीस, संदेश पाठविण्याचे ॲप, कधी काळी कोणी घालून ठेवलेला गाण्यांचा कार्यक्रम, असे पाहुणे तेथे ठाण मांडून बसलेले आढळतात. त्यांस तेथे बंद केल्याने ते पुसले जात नाहीत. हवे तेव्हा उघडता येतात. विषाणूरोधक कार्यक्रम एकच ठेवावा. दोन ठेवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, दोघांची ओढाताण मात्र होते.

आता मुख्य कारणाकडे वळावयाचे. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' या शीर्षकाखाली कितीतरी मिनिटे १०० टक्के असा आकडा दिसत राहिला, तर यंत्राची खोळंबण्याची जागा सापडली असे समजावे. जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क ही खरोखरच फिरणारी तबकडी आहे. ती मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. वाचणारा हात योग्य जागी सरकण्यास आणखी आठनऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेला एकेक तुकडा शोधण्यास सुमारे १३ मिलिसेकंद. सुरू होताना असे दहा हजार तुकडे वाचावे लागतात असे धरले, तर केवळ शोधाशोधीत १३० सेकंद गेले. एस.एस.डी. या नव्या साठवणीत फिरणारे काहीच नसते; तेथे एका तुकड्यास मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरा लागत नाही, म्हणजे तेच काम एका सेकंदात आटोपते. हे गणित सातवीच्या वर्गास घालण्याजोगे आहे. मोठा प्रोसेसर घेतल्याने तबकडीचा फेरा लवकर पुरा होत नाही, हेही मुलांना त्यातून आपोआप कळेल.

परंतु डिस्क मंद असणे आणि ती मरणपंथास लागणे यांत भेद आहे, आणि तो वेळीच ओळखला नाही तर शाळेची हानी होते. गेल्या वर्षी दोन मिनिटांत सुरू होणारे यंत्र आता दहा मिनिटे घेऊ लागले, फायली उघडताना अडू लागल्या किंवा पेटीतून टकटक आवाज येऊ लागला, तर अन्य कोणताही उपाय करण्यापूर्वी नोंदी, गुणपत्रके व मुलांचे काम यांची प्रत दुसऱ्या साठवणीवर काढून घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. अशा डिस्कवर 'डिफ्रॅगमेंट' चालविणे किंवा विंडोज नव्याने घालणे म्हणजे आजारी बैलास नांगराला जुंपण्यासारखे आहे.

प्रत हाती आली की तबकडीच्या जागी एस.एस.डी. बसवावी. तिची किंमत नव्या संगणकाच्या तुलनेने पुष्कळच कमी असते, आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर वहीतील आकडे ठेवले तर खर्चाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. स्मृती, म्हणजे रॅम, ४ जी.बी. किंवा त्याहून कमी असल्यास त्याच वेळी वाढवावी. पेटी उघडलेलीच असते, तेव्हा पंखाही पाहावा. राळेगाव, पांढरकवड्याकडे सरकीच्या हंगामातील तंतू आणि वणीकडे कोळशाची बारीक पूड पंख्यावर बसते; त्यात ४४-४५ अंशांचा उन्हाळा. तापलेला प्रोसेसर स्वतःस वाचविण्यासाठी आपली गती आपणच उतरवतो. वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये.

वीज अकस्मात गेली तर पुढच्या वेळी यंत्र डिस्कची तपासणी करीत बसते. ती मध्येच तोडण्याचा मोह आवरावा. हा प्रकार वारंवार होत असेल, तर यू.पी.एस.ची बॅटरी बदलणे हाच त्यावरील खरा इलाज आहे.

विंडोज १०चा सर्वसाधारण सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. तेवढ्यावरून ती यंत्रे निकामी ठरत नाहीत. केरळातील सरकारी शाळांतून मुक्त लिनक्स प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणालीही मराठीसह भारतीय भाषांसाठी बनविलेली आहे. मात्र शाळेच्या प्रिंटरशी आणि नेहमीच्या फायलींशी तिचे जमते की नाही, हे एका यंत्रावर आधी पाहून घ्यावे.

काढलेली जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात कुलुपात ठेवावी. नव्या साठवणीवर सर्व नोंदी उघडतात याची खात्री सहाएक महिन्यांत झाली म्हणजे तिचे निर्लेखन करता येईल. परंतु तिच्यावर मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक असतात, म्हणून भंगारात देण्यापूर्वी ती पूर्णपणे पुसावी, आणि पुसता येण्याजोगी नसेल तर तबकडी फोडून मगच हातावेगळी करावी.