उंदरांवरचा आळ आणि लेकीचं पुस्तक

वसमतहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. हळदीची लागण उरकली, खुरपणं चालू आहेत आणि दिव्यांची अवस तोंडावर आली आहे. अशा वेळी आमच्या बैठकीत एक विषय निघाला, तो तुमच्या घरातही असेल म्हणून बोलतो.

आमच्यातल्या एकीने आपल्या नववीतल्या लेकीचं पुस्तक धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवलं. पुस्तक होतं हॅरी पॉटरचं, मराठीतलं. ती म्हणाली, "त्यात जादूटोणा आहे, मरणं आहेत, आत्मा शोषून घेणारी भुतं आहेत. पोरीच्या डोक्यात हे कशाला?" लेक दोन दिवस घुम्यासारखी बसली. मग आम्ही ठरवलं, आधी पुस्तकात काय आहे ते समजून घेऊ.

ही सात पुस्तकांची मालिका आहे. पहिलं पुस्तक इंग्रजीत 1997 साली आलं, शेवटचं 2007 साली. मराठीत ती मंजुल प्रकाशनाने आणली. लिहिणाऱ्या जे. के. रोलिंग तेव्हा एकट्या लेक सांभाळत होत्या, सरकारी मदतीवर घर चालत होतं. त्यांची आई 1990 साली वारली होती. गोष्टीतला हॅरीही आईबापाविना वाढलेला. म्हणजे हा अंधार हौसेने आणलेला नाही, तो सोसलेल्या दुःखातून आलेला आहे.

गोष्टीत स्नेप नावाचे एक मास्तर आहेत. तिरसट, पोरांना वर्गात टोचून बोलणारे. हॅरीचा तर ते रागच करतात. वाचणारी पोरं सहा पुस्तकं त्यांना शिव्या देतात. शेवटी कळतं, की यांनीच कधीकाळी दुष्टाला एक खबर नेऊन दिली आणि त्यातून हॅरीची आई मेली. तिच्यावर यांचा लहानपणापासून जीव होता. त्या पश्चात्तापापोटी पुढची सगळी वर्षं ते जिवावर उदार होऊन गुपचूप त्याच पोराला राखत राहिले. आता सांगा, हा माणूस चांगला की वाईट?

आमच्या बैठकीत यावर चांगलीच जुंपली. एक म्हणाली, पाप ते पापच. दुसरी म्हणाली, फेडलं की त्याने. तिसरी म्हणाली, फेडलं खरं, पण वर्गात पोरांना छळलं ते कुठे गेलं? तेवढ्यात एक म्हातारी मावशी म्हणाली, "अगं, आपल्या अवसेच्या कहाणीत तरी दुसरं काय आहे?"

आम्ही गप्पच झालो. दरवर्षी दिवे घासून, पाटावर मांडून आपण ती कहाणी ऐकतो. राजाची सून घरातलं खाते आणि आळ घेते उंदरांवर. उंदीर चिडतात, तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात. चोळी सापडली एवढ्यावर तिला घराबाहेर काढतात. खरं काय ते तिला कुणी विचारत नाही. पुढे अवसेच्या रात्री झाडावर गावातले दिवे जमतात, तिच्या घरचा दिवा आपलं दुःख सांगतो, ते राजाच्या कानावर पडतं आणि सून घरी येते.

या कहाणीत सून खोटं बोलली, उंदरांनी सूड घेतला, सासरच्यांनी शहानिशा केली नाही. धुतल्या तांदळासारखं कुणीच नाही. तरी आपण लेकीबाळींना शेजारी बसवून ती ऐकवतो. तिच्यातून कळतं, की चूक लहान असली तरी शिक्षा डोंगराएवढी होऊ शकते, आणि बाईच्या चारित्र्यावरचा आळ सगळ्यांत लवकर खरा मानला जातो.

लेकीला भुताच्या गोष्टीपासून वाचवू म्हणताना आम्हाला आणखी एक आठवलं. पुस्तकातली चेटकीण पान मिटलं की संपते. पण गावात एखाद्या एकट्या बाईला "हिने करणी केली" म्हटलं, की तिचं जगणं मुश्कील होतं. करणी, जादूटोण्याचा ठपका ठेवून कुणाला छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. स्नेप मास्तरांबद्दल घाईने मत बनवून जी पोरगी फसली, ती शेजारणीबद्दल घाई करताना थांबेल, असं आम्हाला वाटतं.

मात्र सरसकट सगळं सगळ्यांना द्या, असं आम्ही म्हणत नाही. या मालिकेत हॅरी अकरा वर्षांचा असतो तिथून मोठा होत जातो आणि गोष्टही गडद होत जाते. चौथ्या पुस्तकात एक निरपराध मुलगा मारला जातो. म्हणून लहानांना पहिली तीन पुस्तकं पुरे, पुढची जरा मोठं झाल्यावर. लेकरू रात्री दचकत असेल तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा, पण लपवू नका, आणि जवळ बसून विचारा, कशाची भीती वाटली? कधी कधी भीती पुस्तकातली नसते, शाळेच्या वाटेवरची असते. पुस्तकाच्या निमित्ताने ती बोलून जाते.

वाचता येत नसेल तर लेकीला मोठ्याने वाचायला लावा, आपण भाकरी थापत ऐकायचं. मध्ये एवढंच विचारायचं, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

कोठीमागचं पुस्तक बाहेर निघालं आहे. माय आणि लेक आता रोज चार पानं वाचतात. मायचं म्हणणं आहे, त्या मास्तरांना ती अजून माफ करणार नाही. लेकीचं म्हणणं वेगळं आहे. भांडण चालू आहे आणि घरात बोलणं चालू आहे.

येत्या अवसेला कहाणी ऐकाल, तेव्हा लेकींना विचारा, सुनेचं काय चुकलं आणि घरच्यांचं काय? त्या काय म्हणतात ते पुढच्या बैठकीत सांगा. आम्ही वाट पाहतो. नमस्कार.