सलाउद्दीन झालेला आपला मिलिंद सोमण

छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय. आधी एक प्रश्न. एका स्वीडिश ऐतिहासिक सिनेमात सुलतान सलाउद्दीन कोण झालाय? आपला मिलिंद सोमण! खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं.

सिनेमाचं नाव 'आर्न'. २००७ साली आला, यान गियू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. आर्न बाराव्या शतकातला स्वीडिश पोरगा. मठात वाढतो, सेसिलियाच्या प्रेमात पडतो. लग्नाआधीच ती गरोदर राहते आणि चर्च दोघांनाही वीस वर्षांचं प्रायश्चित्त देतं. ती मठात बंद, हा थेट जेरुसलेमकडे, क्रूसेडच्या लढायांत.

तिथे वाळवंटात तो लुटारूंपासून एका अनोळखी माणसाला वाचवतो. तो निघतो सलाउद्दीन. समोरच्या फौजेचा सर्वेसर्वा! पुढे ४ जुलै ११८७, हत्तीनची लढाई. क्रूसेडर पाण्यावाचून तडफडतात, धुव्वा उडतो. पण सलाउद्दीन उपकार विसरत नाही, आर्नला जीवदान देतो. आर्न काल्पनिक, हत्तीन मात्र खरं. साधारण त्याच सुमारास इकडे भिल्लम यादव देवगिरीवर राजधानी वसवत होता बरं का!

मला भावलं ते हे, की नायकाच्या शत्रूला इथे माणसाचा चेहरा आहे. आपल्याकडे बऱ्याचदा शत्रू पडद्यावर आला की डोळ्यांत काजळ, हातात मांसाची तंगडी आणि राक्षसी हसू. अरे, अशा येड्याला हरवण्यात कसलं शौर्य? शत्रू तोलामोलाचा असेल तरच आपल्या माणसाचं मोठेपण दिसतं ना.

आता आपल्याच शहराचं बघा. खडकी नावाने १६१० मध्ये हे वसवलं मलिक अंबरने. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, शहरात नहरीने पाणी आणलं. १६२४ ला भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. हत्तीनला पाणी तोडून लढाई जिंकली, भातवडीला तलाव फोडून.

यात मित्र कोण, शत्रू कोण, एका ओळीत सांगता येतं का? नाही. म्हणूनच असा सिनेमा मला मोठ्या पडद्यावर बघायचाय. आणि त्यात अंबर कोणी व्हावं, ते तुम्ही सांगा. भेटू पुढच्या भागात!