सरपण वेचणं ही चोरी कशी?
(शिबिरातलं भाषण)



कार्ल मार्क्सचं नाव आपण मोर्च्यात ऐकतो, दाढीवाला फोटोही बघतो. पण तो पेपरवाला होता, अन् त्याच्या पेपरातली सुरुवातीची एक मोठी लढाई सरपणाची होती, हे थोड्यांनाच माहीत. आज तेवढंच सांगते.

मार्क्स जर्मनीतला, जन्म १८१८ चा. तिथं ऱ्हाइन नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठच्या कोलोन शहरात 'ऱ्हाइनिश त्साइटुंग' हा पेपर निघायचा. १८४२ च्या ऑक्टोबरात मार्क्स त्याचा संपादक झाला. वय २४. तेव्हा तो कम्युनिस्टही झालेला नव्हता. छापायच्या आधी अंक सरकारी माणूस तपासायचा.

तिथल्या रानाकाठच्या गरिबांचा रिवाज आपल्यासारखाच. पडलेलं, वाळलेलं लाकूड वेचायचं अन् चूल पेटवायची. पण लाकडाला भाव आला, तसा त्या काटक्यांवरही मालकांचा डोळा गेला. १८३६ साली तिथल्या प्रशिया राज्यात दोन लाखांवर खटले झाले. त्यातले दीड लाखाच्या आसपास लाकूडचोरीचे अन् जंगलाच्या गुन्ह्यांचे! तरी पोट भरलं नाही. प्रांताच्या सभेत कायदा आला, की पडलेलं लाकूड उचललं तरी चोरीच म्हणायची. सभेत बसलेले कोण? जमीनवाले. मोळीवाली बाई तिथं कुठून असणार?

मार्क्सनं सभेतलं बोलणं पेपरात मांडलं अन् एकेक प्रश्न विचारला. उभं झाड तोडणं वेगळं, गळून पडलेली काटकी वेगळी. झाड मालकाचं असेल, पण काटकीला झाडानंच सोडलं, मग ती मालकाची कशी? किती किमतीचा माल गेला हे कोण ठरवणार? मालकाच्याच पगारावरचा राखणदार. दंड कोणाच्या खिशात? मालकाच्या. दंड भरता आला नाही तर मजुरी कोणाकडं करायची? मालकाकडंच. म्हणजे सरकार मालकाचा गडी झालं.

गरिबांची पोरं रानातली बारकी फळं वेचून दोन पैसे मिळवायची. ती फळं पिंपं भरून हॉलंडला विकायला जाऊ लागली, तशी पोरांना बंदी आली. मोहाफूल, तेंदूपान वेचणाऱ्यांना हे फोड करून सांगायला नको.

मार्क्सचं म्हणणं असं, की गरिबांची जुनी वहिवाट हा हक्कच आहे. जिथं गुन्हाच नाही तिथं शिक्षा दिली, तर लोकांच्या मनातून कायद्याची किंमतच जाते.

१८४३ च्या मार्चअखेर सरकारनं पेपर बंद पाडला. पण लाकूडचोरीच्या या वादानं अन् मोझेल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या हालांनी आपल्याला पोटापाण्याच्या प्रश्नाकडं वळवलं, असं मार्क्सनं पुढं स्वतःच लिहून ठेवलं. १८४८ ला त्यानं कोलोनलाच नवा पेपर काढला. तोवर तो कम्युनिस्ट झाला होता. खटले झाले, ज्युरीनं निर्दोष सोडलं. मग सरकारनं त्याला देशाबाहेर काढलं. १९ मे १८४९ चा शेवटचा अंक लाल शाईत छापला!

अजून एक गोष्ट. १८६४ साली इंग्रजांनी आपल्या देशात जंगल खातं काढलं. त्याचा पहिला मुख्य साहेब ब्रँडिस. तो जर्मनच, कोलोनजवळच्या बॉन शहरात जन्मलेला. जंगल राखायची तिकडची पद्धत अशी आपल्याकडं आली. गरिबांच्या बाजूनं लिहिलेला तो पेपर मात्र तिकडंच राहिला.

म्हणून आपलं हे पत्रक चालवायचं. मोळी धरली, कुऱ्हाड नेली, दंड घेतला, तर पाड्यावरच्या शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं त्याच दिवशी लिहायचं. तारीख, कोणाचं, काय, किती, अन् पावती दिली का. आजी-आजोबांपासून कोणत्या रानातून काय आणतो, हेही म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं. तोंडी वहिवाट साहेब ऐकून घेत नाही. कागदावर आली, की त्याला उत्तर द्यावं लागतं.

जिंदाबाद!