संगणक-जाळ्याची नियमित मोजदाद



कचेरीत नवे कपाट आले की जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद होते आणि वर्षाकाठी प्रत्यक्ष पडताळणीही होते. संगणकांच्या जाळ्याला मात्र अशी वार्षिक पडताळणी पुरत नाही. जाळ्यात नवे उपकरण शिरण्यास एक तार जोडणे किंवा वायफायचा परवलीचा शब्द ठाऊक असणे एवढेच पुरेसे असते.

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे ‘नासा’ची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा आहे. तेथील जाळ्यातून माहितीची चोरी झाल्याचे एप्रिल २०१८ मध्ये उघडकीस आले. अनधिकृतपणे जोडलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक चोराचे प्रवेशद्वार ठरला होता. ‘नासा’च्या महानिरीक्षकांच्या जून २०१९ च्या अहवालानुसार सुमारे ५०० मेगाबाइट माहिती चोरीस गेली. उपकरणांची नोंदवही तेथेही होती. परंतु ती अपुरी होती आणि वेळच्या वेळी भरली जात नव्हती. ज्या यंत्राची नोंदच नाही, त्याचे रक्षण कोणी करावयाचे?

यावरील उपाय म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारी तपासणी, अर्थात स्कॅन. जाळ्यातील प्रत्येक उपकरणास आयपी पत्ता असतो. लहान कचेरीच्या जाळ्यात असे बहुधा २५४ पत्ते उपलब्ध असतात. स्कॅनची आज्ञावली प्रत्येक पत्त्यावर साद घालते. प्रतिसाद आला की तेथे उपकरण असल्याचे कळते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एनमॅप’ ही अशीच एक आज्ञावली असून ती विनामूल्य मिळते.

वेळापत्रक मात्र विचारपूर्वक आखावे लागते. रात्रीच्या तपासणीत बंद केलेले संगणक सापडत नाहीत. म्हणून साधी फेरी दररोज कामकाजाच्या वेळेत व्हावी. यंत्रावर कोणत्या सेवा चालू आहेत हे पाहणारी सखोल फेरी आठवड्यातून एकदा, कामाचा ताण नसताना घ्यावी, कारण जुने प्रिंटर अशा तपासणीने अडखळतात. काही उपकरणे सादेला उत्तरच देत नाहीत. त्यांच्यासाठी राउटरमधील यादीही पाहावी. स्कॅनपूर्वी कार्यालयप्रमुखांची लेखी अनुमती घेणे आवश्यक आहे. परक्या जाळ्यात विनापरवानगी शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ च्या कक्षेत येते.

तथापि, यंत्राने यादी दिली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती यादी नोंदवहीशी ताडून पाहणारी एक जबाबदार व्यक्ती नेमली पाहिजे. अनोळखी उपकरणाचा धनी शोधावा. तो न सापडल्यास उपकरण जाळ्यापासून तोडावे. नोंदीतील एखादे यंत्र सतत गैरहजर असेल, तर त्याचीही चौकशी व्हावी.

ग्रामपंचायतीच्या संगणकात गावकऱ्यांचे दाखले असतात, शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची माहिती असते. हा ठेवा जनतेने विश्वासाने सोपविलेला आहे. त्याच्या दाराशी कोण उभे आहे, याची रोजची विचारपूस हे प्रशासनाचे प्राथमिक कर्तव्य होय.