कार्यकर्त्याचे वाचन
(अभ्यासशिबिरातील भाषण)



कार्यकर्त्याने काय वाचावे, असा प्रश्न निघाला की ठराव, जाहीरनामे आणि विचारवंतांचे निवडक लेख यांची यादी पुढे येते. ही यादी चुकीची नाही, अपुरी आहे. केवळ आपल्याच मताचे वाचणारा मनुष्य हळूहळू स्वतःच्याच भाषणाचा श्रोता बनतो. त्याचे शब्द गुळगुळीत होतात आणि लोकांच्या मनाला ते लागत नाहीत.

महात्मा फुले यांनी १८४७ साली टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. ते पुस्तक युरोपातील राजकीय वादातले. परंतु पुण्यातील त्या तरुणाने त्यातील मानवी हक्कांचा प्रश्न उचलला आणि आपल्या समाजाला विचारला. पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी सारा, जंगलखाते, कालवे, कर्ज यांचा बारीक तपशील मांडला. दूरचा विचार आणि घरचा तपशील यांची गाठ पडल्याशिवाय परिवर्तनाची भाषा घडत नाही, हे ज्ञानपर वाचनाचे मर्म आहे.

कथा-कादंबरीला आपण फावल्या वेळची करमणूक समजतो. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध केली. दुष्काळात लोक उपाशी मरू नयेत म्हणून लूट करणारा नायक तिच्यात आहे. सरकारी दप्तरात अशा माणसाची नोंद गुन्हेगार म्हणून होते. त्याच्या कृत्यामागची भूक आणि स्वाभिमान कादंबरी दाखवते. ज्याला माणसांची संघटना बांधायची आहे, त्याला माणसाच्या मनाची ही ओळख टाळता येणार नाही.

आता आत्मविकासाच्या पुस्तकांविषयी. पदपथावर यशाचे मंत्र सांगणारी पुस्तके मांडलेली असतात आणि तरुण ती विकत घेतात. आपण त्यांची थट्टा करतो. दारिद्र्याचा सारा दोष ती पुस्तके एकट्या माणसाच्या माथी मारतात, ही आपली टीका रास्तच आहे. परंतु भीती कशी घालवावी, चारचौघांत कसे बोलावे, अपयशानंतर कसे उठावे, हे त्या तरुणाचे प्रश्न खरे आहेत. आपण त्यांना उत्तर देत नाही, म्हणून तो दुसरीकडे जातो. त्याच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ का देऊ नयेत? १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मकथनात जुन्या वळणाची एक स्त्री सोवळ्याओवळ्याचा पगडा स्वतःच्या बुद्धीने कसा झुगारते, ते दिसते. स्वतःला घडवणे आणि समाज बदलणे ही दोन कामे तिथे वेगळी उरत नाहीत.

पुस्तके मिळवायची कोठून? महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. त्यात अनुदानाची तरतूद आहे. पण मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्यातील ग्रंथालय-उपकर मात्र नाही. त्यामुळे गावचे वाचनालय हक्काच्या उत्पन्नावर नव्हे, सरकारच्या मर्जीवर जगते. रस्ता आणि पाणी यांसाठी मोर्चा काढणाऱ्या आपण ग्रंथालयासाठी किती मोर्चे काढले?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येकाने जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हावे. महिन्याला एक कादंबरी वा आत्मकथन, एक शास्त्राचे वा इतिहासाचे पुस्तक आणि आपल्याला न पटणाऱ्या मताचे एक पुस्तक वाचावे. काय निवडावे हे ग्रंथपालाला विचारावे, शिक्षकाला विचारावे आणि आपल्याहून वयाने लहान असलेल्या वाचकालाही विचारावे. शाखेच्या बैठकीत अहवालानंतर दहा मिनिटे एकाने आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलावे. त्याला प्रश्न विचारले जावेत आणि मतभेदही व्हावेत. असा मतभेद सोसण्याची सवय ज्या शाखेला लागेल, तिथे नवा माणूस आला तर तो टिकेल.